शून्य चुकांची पेटी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली, तरी दारातून लोक रेटत आत येतच होते. व्यासपीठाच्या दोन टोकांना दोन पांढऱ्या पेट्या आणि मधे निळ्या वेष्टनातली काचेची बारीक तार. तारेमागे साक्षात किरणगुरू! पांढरा कोट, पांढरे बूट, पांढरी दाढी. डावा हात वर छताकडे, उजवा कोटाच्या खिशात.

"मंडळी, हिला नुसती तार म्हणू नका!" गुरू गरजले. "ही प्रकाशाची नाडी आहे. हिच्यातून एकेक प्रकाशकण धावतो आणि दोन्ही पेट्यांच्या खिडक्यांत आकड्यांची एकच रांग उमटवतो. ती रांग म्हणजे किल्ली. इकडे निरोपाला कुलूप घाला, तिकडे उघडा. मधल्या चोराच्या हाती धुपाटणं! कारण हा कण मोठा लाजाळू. परक्याची नजर पडली की जागीच प्राण सोडतो. कुणी आहे का चोर व्हायला तयार?"

चोर व्हायला निम्मं सभागृह तयार होतं. मान मिळाला तो निवृत्त पोस्टमास्तरांना. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत तार धरली मात्र, पेटीवरचा लाल दिवा भगकन पेटला आणि घंटा खणाणली. पोस्टमास्तर दोन पावलं मागे सरले. "जन्मभर लोकांची पत्रं हाताळली हो," ते म्हणाले, "पण कुठल्या पत्रानं कधी मला हटकलं नाही!" टाळ्यांनी छत हादरलं. एका बाईनं आपल्या तान्ह्याचं कपाळ तारेला टेकवलं. दिवा पेटला नाही. "निष्पाप जीव!" गुरू हळुवारपणे म्हणाले, आणि बायकाच काय, चांगले दाढीमिशीवाले बाप्येही डोळे पुसायला लागले.

तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती. कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची, आणि कॉलेजच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत असंच एक जोडयंत्र कित्येक वर्षं स्वतः जुळवत होती. शहर तिला बाई म्हणायचं. धाकटी म्हणायची ती फक्त तिची थोरली बहीण. ती उठून उभी राहिली.

"एक विचारू? तुमच्या पेटीत चुका किती येतात?"

"चुका?" गुरूंनी तोंड कडवट केलं. "शून्य, बाई."

"शून्य कशा येतील? काच उन्हानं तापते, कण वाटेत गळतात, काही उलटे उमटतात. कुणीही न डोकावता थोड्या चुका होतातच. त्या मोजायच्या, आणि वाढल्या की समजायचं, कुणीतरी डोकावलं. तुमच्याकडे चुकाच नाहीत, मग तुमची पेटी मोजते तरी काय?"

 गुरू लोकांकडे वळले. "बाईंचं यंत्र मी पाहिलंय, मंडळी. पंखा लावला, बंद. ऊन आलं, बंद. कुणी शिंकलं, बंद! बाई, यंत्र बनवलंत की नवरा केलात, रोज रुसायला?"

सभागृह खदाखदा हसलं. बाई अविवाहित आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जरा जास्तच हसलं. धाकटीला लागलं ते वेगळंच. शेजारच्या खुर्चीत मावशी बसल्या होत्या, आणि मावशीही हसत होत्या.

मावशी कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी त्या निवारा चालवायच्या. नवऱ्यापासून पळून आलेली बाई आधी निवाऱ्यात यायची, मग शहरातल्या कुठल्यातरी अनोळखी खोलीत लपून राहायची. त्या खोलीचा पत्ता नातेवाइकांनाही सांगायचा नाही, पण कोर्टाला कळवावाच लागायचा. त्यासाठी मावशींनी एक रीत घालून दिली होती. पत्ता कागदावर उतरवायचा नाही, फोनवर बोलायचा नाही. दोन बायका कोर्टात जायच्या. एकीला फक्त गल्ली ठाऊक, दुसरीला फक्त घर आणि मजला. कोर्टातल्या कारकूनबाईंच्या कानात दोघी आपापला अर्धा पत्ता सांगायच्या आणि वेगवेगळ्या वाटेनं परत यायच्या. एकीला कुणी गाठलं, धमकावलं, तरी तिच्या तोंडून अर्धाच पत्ता निघणार. इतक्या वर्षांत निवाऱ्यातली एकही बाई नवऱ्याला सापडली नव्हती.

आता थोरली निवाऱ्यात होती. तिचा नवरा, म्हणजे धाकटीचे दाजी, टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या कंपनीत कामाला. दिसायला देखणे, बोलायला मिठ्ठास, आणि घरात कमरेचा पट्टा हातात. थोरलीच्या उजव्या कानानं तिला आता ऐकू येत नव्हतं.

सभेनंतर धाकटीनं मावशींना हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं. "एकदा माझं यंत्र बघा, मग काय ते ठरवा."

मावशी बसल्या, त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली, आणि पडद्यावर अक्षरं आली: चुका जास्त, किल्ली रद्द.

"घे! रुसलं," मावशी म्हणाल्या.

"रुसलं नाही हो. तुमची पिशवी तारेवर आहे. तार दबली, प्रकाश बिघडला, त्याला शंका आली म्हणून थांबलं." धाकटीनं पिशवी उचलली. आतल्या बारीक मोटारी कुरकुरल्या, यंत्रानं आपलं आपण जुळवून घेतलं आणि आकडे पुन्हा सरकू लागले. "पूर्वी मला प्रत्येक वेळी हातानं जुळवावं लागायचं. आता स्वतः सावरतं. राहिलंय ते जुळ्यांचं काम."

"कसली जुळी आणखी?"

"यंत्रातल्या दिव्याला दर वेळी नेमका एकच कण सोडता येत नाही. कधी दोन निघतात, अगदी सारखे. चोर एक ठेवून घेतो, दुसरा पुढे जाऊ देतो, आणि आपल्याला काही कळत नाही. म्हणून मी मधेमधे मुद्दाम मंद झोत मिसळते. खरा झोत कुठला नि फसवा कुठला, हे चोराला ओळखता येत नाही. त्यानं एकदा का जुळी चोरायला सुरुवात केली, की फसव्या झोतांतले किती पोचले याचं गणित बिघडतं. तिथे तो सापडतो."

"आणि हे होणार कधी?"

"अजून काही महिने. तोवर तुमचा अर्धा पत्ता सगळ्यांत भारी आहे मावशी, तो सोडू नका."

मावशी चिडल्या. "तू तळघरात बसून बोलतेस. माझ्या बायका भर उन्हात दोन बस बदलून कोर्टात जातात. एकीचे गुडघे गेलेत. तुझ्या शंकांनी तिचे गुडघे बरे होणार आहेत का? त्या माणसाची पेटी एकदाही थांबत नाही, अर्ध्या शहरानं घेतलीय. डॉक्टरांनी घेतली, वकिलांनी घेतली. ते सगळे खुळे आणि तू एकटी शहाणी?"

 धाकटी एकटी होती, हे तर खरंच होतं.

निवाऱ्यात पेटी आली. कोर्टात तिची जोडीदारीण बसली. अर्ध्या पत्त्याची रीत बंद झाली, गुडघेदुखीवाल्या बाईनं पेटीसमोर हात जोडले. पेटीच्या खोलीत चपला काढून जायचं, असं कुणी न सांगता सुरू झालं.

धाकटी भेटायला गेली तेव्हा थोरली चादरींच्या घड्या घालत होती. दाजी गल्लीच्या तोंडाशी घिरट्या घालताना कुणाला तरी दिसले होते, म्हणून तिला उद्या नव्या खोलीत हलवायचं ठरलं होतं.

"काल मी झोपले गं," थोरली म्हणाली. "कूससुद्धा बदलली नाही. एवढी वर्षं दारात पाऊल वाजलं की दचकायचे. आता म्हटलं, लाल दिवा आहे."

"ताई, एक ऐक माझं. मावशींना सांग, तुझा पत्ता पेटीतून पाठवू नका. तुझ्यासाठी तेवढा जुना मार्ग ठेवायला सांग."

थोरलीनं घडी मांडीवर ठेवली. "तुझं यंत्र मागे पडलं, त्याचं वाईट वाटतंय ना तुला? लहानपणापासून तुझं हेच. दुसऱ्याचं पुढे गेलेलं तुला बघवत नाही."

धाकटीला इतकं लागलं की ती चहासुद्धा न घेता निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिला राहवेना. ती तडक निवाऱ्याच्या कचेरीत गेली, चपला घालूनच पेटीच्या खोलीत शिरली आणि तिनं तार चिमटीत धरली. दिवा पेटला नाही. तिनं तार बोटाभोवती करकचून गुंडाळली. दिवा पेटला नाही.

"तुझ्या मनात पाप नाही म्हणून," मावशी दारातून म्हणाल्या.

"मग पोस्टमास्तरांच्या मनात होतं?"

 धाकटीनं तार धरली आणि हिसका देऊन पेटीतून उपटली. मावशी किंचाळल्या. पेटी मात्र ढिम्म. लाल दिवा विझलेला, शेजारचा हिरवा तेवत, आणि खिडकीत आकडे आपले सुखेनैव सरकत होते.

धाकटीनं कोर्टात फोन लावला. "कारकूनबाई, तुमच्या खिडकीत आत्ता काय आकडे आहेत? वाचा."

"अगं, किल्ली फोनवर?" मावशींनी कपाळावर हात मारला.

कारकूनबाईंनी वाचलं. चार, चार, शून्य, नऊ, दोन. इथेही चार, चार, शून्य, नऊ, दोन. पुढचे वाचले. तेही तेच. दोन पेट्यांच्या मधली तार जमिनीवर लोळत होती आणि पेट्या एका सुरात आकडे म्हणत होत्या.

"दोन्ही पेट्यांत आधीच भरलेले आकडे आहेत, घड्याळाबरोबर सरकतात," धाकटी म्हणाली.  "प्रकाश नाही, कण नाही, काही नाही. तार नुसती शोभेला. मावशी, ताईचा पत्ता पाठवलात?"

"सकाळीच," मावशी म्हणाल्या, आणि चपला न घालताच गाडी बोलवायला धावल्या.

गाडी मिळाली, रस्ता मोकळा होता, खोलीही फार लांब नव्हती, आणि ह्या कशाचाच काही उपयोग झाला नाही. जिन्यात शेजारीण भेटली. "नव्या ताईंकडे ना? त्यांचे यजमान येऊन गेले आत्ताच. काय गोड माणूस हो! मी दार दाखवलं तर दोनदा आभार मानले."

थोरली दवाखान्यात दोन रात्री जगली. तेवढ्या वेळात एकदाच तिला नीट शुद्ध आली. धाकटीनं तिचा हात हातात घेतला. थोरलीनं डोळे उघडले आणि बहिणीकडे टक लावून बघितलं.

"त्याला कसं कळलं?" ती पुटपुटली.

"पेटीतून, ताई. पेटी खोटी होती."

"पेटी खोटी नसते गं. सगळे म्हणतात." मग बराच वेळ ती श्वास गोळा करत राहिली. "तू रागावून गेली होतीस. तूच सांगितलंस का त्याला?"

"मला पत्ता माहीतच नव्हता गं, ताई! आईशप्पथ!"

थोरलीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. नंतर ती बोलली नाही. धाकटी तिच्या चांगल्या कानाशी वाकून तार, आकडे, कोर्टातला फोन, सगळं पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. आणि देवालाही विचारायची सोय नाही.

दाजी पकडले गेले. चौकीत त्यांनी सगळं हसत हसत सांगितलं, त्यांना त्यात चतुराई वाटत होती. निरोप जायचे ते साध्या टेलिफोनच्या तारेवरून, आणि ती तार त्यांच्याच हाताखालची. तारा ओढणाऱ्या माणसांना पेटीचं गुपित केव्हाच कळलं होतं. खोदकामात काचेची तार तुटायची, तरी पेट्या चालूच राहायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यावर विनोद व्हायचे. एकानं गंमत म्हणून कंपनीच्या कचेरीतली पेटी दुसऱ्याच कुणाच्या निरोपाला लावून बघितली, तर निरोप भसाभसा उघडला. बाहेर कुणी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं ना कुणी! दाजींनी निवाऱ्याच्या टेलिफोनच्या तारेला चिमटा लावला, कंपनीची पेटी जोडली आणि वाट बघत बसले.

पोलिसांनी हे धाकटीला सांगितलं. शहराला सांगितलं ते किरणगुरूंनी, आणि ते असं: "एका अश्रद्ध हातानं तार उपटली, त्या क्षणी कवच तुटलं! बिचारी बहीण प्राणाला मुकली." तार दुपारी उपटली आणि पत्ता सकाळीच चोरीला गेला होता, हे गणित करायला कुणाला सवड होती? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. धाकटीच्या घराच्या दारावर कुणीतरी कोळशानं 'बहीणखाऊ' लिहून ठेवलं. कॉलेजात तिच्या वर्गात पोरं येईनाशी झाली. गुरूंनी तुटलेलं कवच पुन्हा बांधण्यासाठी मोठी सभा बोलावली आणि फर्मान काढलं, ज्यानं त्यानं आपापली पेटी घेऊन यावी. स्वतःच्या गळ्यात इतक्या हौसेनं दोरी घालणारा माणूस विरळाच.

सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. मांडीवर, पायाशी, काखोटीला, जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या पेट्या. धाकटी मधल्या वाटेनं चालत व्यासपीठावर गेली तेव्हा लोकांनी पाय आखडून घेतले.

"मला शिव्या नंतर द्या," ती म्हणाली. "आधी सगळ्यांनी पेट्या चालू करा. तारा नाहीतच इथे. नुसत्या पेट्या चालू करा आणि खिडकीतला पहिला आकडा मोठ्यानं वाचा."

"करू नका!" गुरू ओरडले. पण करू नका म्हटलं की लोक करतातच. खटाखट बटणं दाबली गेली.

"सात," पोस्टमास्तर म्हणाले.

"माझाही सात," डॉक्टर म्हणाले.

"सात," वकील. "सात," मागून कुणीतरी. मग पुढचा आकडा आला, "एक," आणि ह्या वेळी निम्मं सभागृह एकदम बोललं. "नऊ." सगळं सभागृह. "नऊ. तीन. पाच." शाळेत पोरं पाढे म्हणतात तशी ती मोठमोठी माणसं एका सुरात आकडे म्हणू लागली. मग एकेक आवाज गळत गेला. डॉक्टरांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी आपल्या भागीदाराकडे बघितलं. भागीदारानं आपल्या बायकोकडे बघितलं आणि बायकोनं नजर चुकवली. कुणाचीही पेटी कुणाचंही गुपित उघडू शकत होती, आणि कुणी कुणी उघडलं असेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात सुरू झाला होता.

"एकात्मता!" गुरूंनी दोन्ही हात वर केले. "सर्व पेट्यांचा आत्मा एक!"

आणि सांगायला लाज वाटते, पण काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पोस्टमास्तर," धाकटी म्हणाली, "ह्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घाला."

पोस्टमास्तर म्हातारे होते, पण अपमान त्यांना आता कळला होता. ते व्यासपीठावर चढले, त्यांनी गुरूंच्या खिशात हात घातला आणि एक चपटं बटण बाहेर काढलं. दाबलं. सभागृहातल्या साऱ्या पेट्यांवर लाल दिवे भगकन पेटले, घंटांचा असा कल्लोळ उठला की लोकांनी कान झाकून घेतले. तान्ही पोरं भोकाड पसरून रडू लागली.

"हा तुमचा लाजाळू कण," धाकटी म्हणाली. "तो ह्यांच्या बोटात होता. तुमच्या घरी दिवा कधीच पेटला नाही, कारण पेटवणारा तुमच्या घरी नव्हता. चोरी होत होती आणि हिरवा दिवा तेवत होता. माझं यंत्र थांबतं. थांबतं म्हणजे सांगतं, की आत्ता मला गुपित राखता येत नाही, पाठवू नका. तुम्ही त्याला हसलात. मला हसलात तर हसा, माझं काही म्हणणं नाही. पण एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत तार काढून बघावी असं एकालाही वाटलं नाही?"

 गुरू मागच्या दारानं सटकायला लागले तेव्हा दोन पोलीस त्यांची वाटच बघत होते. मावशी पहिल्या रांगेत चेहरा झाकून बसल्या होत्या. निवाऱ्यातल्या साऱ्या बायकांना संध्याकाळच्या आत नव्या जागी हलवायचं होतं. सगळ्यांचे पत्ते फुटले होते, आणि पुढे अर्धा पत्ता घेऊन जायला दोन बायका पुन्हा तयार कराव्या लागणार होत्या.

"ते सगळं ठीक आहे बाई," मागून एक गृहस्थ म्हणाले, "पण आता दुसरी कुठली पेटी घ्यायची, जी कधीच चुकत नाही, ते तरी सांगा!"

 धाकटी व्यासपीठावरून खाली उतरली आणि निघून गेली.

लोकही पांगले. आता म्हणाल, पेट्या तिथेच टाकून गेले असतील. छे! निम्म्यांनी आपापली पेटी काखोटीला मारली आणि घरी नेली. एक जण जिना उतरताना म्हणत होता, काही म्हणा, पण घंटेचा आवाज छान आहे.

तुम्ही तरी असं करू नका. थोरलीनं मरताना सख्ख्या बहिणीवर संशय घेतला, पेटीवर घेतला नाही, ही ह्या गोष्टीतली खरी चोरी आहे, आणि ती पोलिसांना पकडता येत नाही. यंत्र असो, गुरू असो, त्याला न तपासता निर्दोष ठरवलंत की घडलेल्या चुकीला कुणीतरी धनी लागतो, आणि मग दोष जिवंत माणसाच्या माथी जातो, बहुधा आपल्याच माणसाच्या. तेव्हा विचारा. भर सभेत उभं राहून विचारा. लोक हसतील, हसू द्या.